आधी लेकरू, मग अभ्यासक्रम

मृग लागायच्या आधी भातकुलीतला कास्तकार बियाण्याच्या दुकानात गेला की दुकानदाराला भंडावून सोडतो. वाण कोणतं, किती दिवसांचं, भारी जमिनीत कसं येतं, पावसानं ताण दिला तर तगेल काय, पक्कं बिल देता का. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर १०० दाणे मोजून ओल्या बारदान्यात गुंडाळतो आणि ७० च्या वर कोंब निघाले तरच पेरणीला काढतो. हाच माणूस तीन वर्षांच्या लेकराला घरी शिकवायचा ‘प्रीस्कूल अभ्यासक्रम’ मोबाइलवर पाहतो, शेजारच्यानं घेतला म्हणून पैसे भरतो आणि पेटी दारात येईपर्यंत एकही प्रश्न विचारत नाही. बियाणं फसलं तर दुबार पेरणी करता येते. लेकराचं चौथं वर्ष दुबार येत नाही.

न विचारलेले ते प्रश्न आज विचारू.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लहान लेकराला घरी शिकवण्याच्या मी बाजूनं आहे. भातकुलीहून अमरावती १६-१८ किलोमीटर. इंग्रजी पाटी लागलेली कुठलीही बालवाडी आपल्याकडं ‘कॉन्व्हेंट’ होते, आणि त्या कॉन्व्हेंटसाठी तीन वर्षांचं पोट्टं सकाळी अर्धवट झोपेत ऑटोत कोंबायचं, दुपारी उन्हात परत आणायचं. हे नको, पहिलीपर्यंत आम्हीच शिकवू, असं ठरवणारे आई-बाप शहाणे आहेत. लगेच नातेवाईक अंगावर येतात. “केजी नाही केली तर पहिलीत घेईन कोण त्याले?” या एका वाक्याच्या भीतीवर कितीतरी पेट्या खपतात.

या भीतीला उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. तो बोलतो ६ ते १४ वयाबद्दल. सहाच्या आतलं लेकरू घरी शिकतं, अंगणवाडीत शिकतं की आजीच्या मांडीवर, याबाबत कायद्याची सक्ती नाही. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीत जातं. प्रवेश देताना मुलाची किंवा आई-बापाची चाळणी लावायला त्याच कायद्याच्या कलम १३ नं बंदी घातली आहे. शाळेनं ती लावलीच तर पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढं प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे पहिलीच्या दारात कुठल्याही कंपनीच्या ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’चं काम नाही. चार वर्षांच्या पोराला काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून फोटो काढायचंही काम नाही. तो खर्च वाचवा.

भीती गेली की डोकं थाऱ्यावर येतं. आता विचारा.

पहिला प्रश्न: हे सारं कोणत्या भाषेत शिकवणार?

पेटी उघडली की वर इंग्रजी अक्षरांचे पत्ते. आय फॉर इग्लू. भातकुलीत मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास फिरतो आणि आपण लेकराला बर्फाच्या घराचं नाव पाठ करायला लावतो. त्या लेकराला वावर माहीत आहे, धुरा माहीत आहे, पऱ्हाटी, कुटार, बंडी, डवरा, टोपलं माहीत आहे. तीन वर्षांत त्यानं शेकडो शब्द स्वतः गोळा केलेत, कुणीही वर्ग न घेता. शिकणं या शब्दांवर चढत जातं. ते बाजूला सारून परक्या शब्दांपासून सुरुवात करणारा अभ्यासक्रम लेकराची सगळी कमाई पहिल्याच दिवशी रद्द करतो.

लेकरू म्हणतं, “मले भूक लागली.” लगेच कुणीतरी दटावतं, “‘मला’ म्हण, नीट बोल.” त्याचं बोलणं नीटच आहे. ते त्याच्या माय-आजीचं आहे. तीन वर्षांच्या तोंडाला सारखी दुरुस्ती लावली की लेकरू चूक टाळायला शिकतं आणि बोलणं कमी करतं. प्रमाण मराठी गोष्टींतून, पुस्तकांतून, शाळेतून येईल. इंग्रजीही येईल. आपल्या पोरानं इंग्रजीत मागं पडू नये हे आई-बापाचं वाटणं रास्त आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याची वाट घरच्या भाषेतून जाते. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हेच सांगतं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही हेच सांगतो: तीन ते आठ या वयात शिकवण्याची पहिली भाषा घरची.

म्हणून पेटीत मराठी गोष्टींची पुस्तकं आहेत का, ते पाहा. नसतील तर पेटीचे पैसे पुस्तकांवर घाला. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आणा. ज्योत्स्ना प्रकाशनानं मराठी चित्रपुस्तकांचं मोठं काम केलं आहे, त्यातली निवडा. मोबाइल वापरायचाच तर स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी फुकट उघडतात. तुम्ही वाचा, लेकरानं ऐकावं. एकच पुस्तक वीस वेळा वाचायला लावलं तर वीस वेळा वाचा. तीन वर्षांच्या लेकराचा तोच अभ्यास असतो.

दुसरा प्रश्न: हाताला काम काय देणार?

ठिपक्यांवरून अक्षर गिरवा, ओळीत एबीसीडी काढा, रोज एक पान भरा. पेटीतला निम्मा कागद यातच जातो. आता मनगटाकडं पाहा. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सारी कूर्चेची, मऊ असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातली दोन-तीन हाडाची होऊ लागतात, सहाव्यापर्यंत सहा-सात, आणि शेवटचं हाड नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. बोटांचे स्नायूही याच काळात हळूहळू ताब्यात येतात. अशा हाताला रोज पानभर गिरवायला बसवून त्याला ‘हुशार’ म्हणणं ही त्या हाताशी केलेली जबरदस्ती आहे.

हाताला आधी ताकद लागते, मग नेम लागतो, मग पेन्सिल. ताकद येते माती मळताना, कणकेचा गोळा दाबताना, मटाराच्या आणि तुरीच्या शेंगा सोलताना. नेम येतो ठिकरी फेकताना, सुईशिवाय माळ ओवताना. आपला तर कापसाचा मुलूख. लेकराच्या हातात बोंडातला कापूस द्या, सरकी वेगळी करायला सांगा, आजीजवळ बसून वात वळू द्या. चिमूट धरायची, पीळ द्यायचा, दाब सांभाळायचा: पेन्सिल धरायला जे लागतं ते सगळं एका वातीत आहे. होळीच्या आधी शेणाच्या चाकोल्या थापायच्या, मधे भोक पाडायचं, वाळल्या की मोजून दोरीत ओवायच्या. यात हाताचं काम आहे, आकार आहे, मोजणी आहे, आठवडाभर वाट पाहणंही आहे. हे सोडून छापील गोल रंगवायला पैसे का द्यायचे?

एक सूचना कान देऊन ऐका. दुकानातलं प्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं लेकराच्या हातात कधीही देऊ नका. त्यावर औषध असतं. फवारणीच्या दिवसांत त्याला वावरात नेऊ नका, औषधाचे रिकामे डबे खेळायला देऊ नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ती धडधाकट मोठी माणसं होती. आणि चिंचोके, हरभरे, कवड्या यांचा खेळ मोठ्या माणसाच्या नजरेपुढंच. तीनच्या आतल्या लेकराच्या घशात, नाकात दाणा अडकायला क्षण लागत नाही.

तिसरा प्रश्न: पडदा किती वेळ?

याचं उत्तर छोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तेवढं चांगलं. त्याच सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात किमान तीन तास हालचाल करावी असं आहे, त्यातला एक तास घाम निघेल अशी. आता तुमच्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक काढा. पडद्यावर किती, अंगणात किती? पडदा जास्त निघाला तर तो अभ्यासक्रम बंद करा. यात मधला मार्ग शोधत बसू नका.

चौथा प्रश्न: सामान कुठून आणायचं?

इथं ‘मॉन्टेसरी’ हे नाव फार महागात विकलं जातं. लाकडी मनोरे, रंगीत पट्ट्या, दंडगोल, हजारोंचा संच. मारिया मॉन्टेसरींनी पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझोत उघडलं, ते मजुरांच्या वस्तीत, मजुरांच्या पोरांसाठी. त्या १९३९ मध्ये मद्रासला आल्या, युद्धात इथंच अडकल्या आणि १९४६ पर्यंत त्यांनी भारतात शिक्षक घडवले. त्यांचा गाभा होता लेकराकडं बारकाईनं पाहणं, त्याला स्वतःच्या हातानं करू देणं आणि मधे मधे न करणं. यातल्या एकाही गोष्टीला किंमत पडत नाही.

आपल्या मातीत हा गाभा कसा रुजवायचा हे ज्या बाईनं दाखवलं, तिचा अमरावतीशी संबंध आहे, आणि अमरावतीतच तिचं नाव किती घरांत माहीत आहे, हा प्रश्न मला छळतो. ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. लग्न अमरावतीच्या वकील मोडकांशी झालं आणि त्या या शहरात नांदल्या. पुढं संसार मोडला. त्या गुजरातेत गेल्या, राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात काम केलं आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघालं. तिथवरचं काम शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांत होतं.

मग १९४५ मध्ये त्या डहाणूजवळ बोर्डीला गेल्या, अनुताई वाघांना सोबत घेऊन. गावातली गरीब पोरं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी पोरांना बोल लावला नाही. बालवाडी उचलली आणि पोरांच्या वस्तीत, त्यांच्याच अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडी ती हीच. महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या ही साधनं झाली. मोठ्यापासून लहानापर्यंत खडे लावायचे, रंगांप्रमाणे पानं वेगळी करायची, बियांनी मोजायचं. पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री. आणि २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेलं.

पलीकडं वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला नई तालीमचे ‘पूर्व बुनियादी’ वर्ग चालले, तेही याच वाटेनं: सफाई, स्वयंपाक, बाग, सूत, गाणी. रोजचं जगणं हाच सात वर्षांच्या आतल्या मुलांचा अभ्यास. इतकं मोठं काम आपल्या हाकेच्या अंतरावर होऊन गेलं आणि आपण प्लास्टिकची सफरचंदं मागवतो.

भातकुलीच्या घरात सामान कमी नाही. तूर, मूग, हरभरा, ज्वारी एका सुपात मिसळा आणि निवडायला द्या; वर्गीकरण झालं. पंगतीला माणसं किती, ताटं किती, कमी किती पडतात, वजाबाकी झाली. मापट्यानं धान्य मोजू द्या, जड-हलकं हातानं तोलू द्या. आणि विज्ञान? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे, आपण त्यात राहतो. एका ताटलीत बोअरचं पाणी ठेवा, दुसरीत साठवलेलं पावसाचं. एप्रिलच्या उन्हात दोन्ही आटू द्या. बोअरच्या ताटलीत पांढरा थर उरतो. लेकरू विचारेल, हे कुठून आलं? तिथं थांबा, त्यालाच विचारा, तुला काय वाटतं? गावाच्या पाण्याचा सगळ्यात मोठा प्रश्न चार वर्षांच्या लेकरानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असेल. असा पाठ कोणत्याही पेटीत येत नाही, कारण पेटी बनवणाऱ्यानं भातकुली पाहिलेली नाही.

पाचवा प्रश्न: लेकरू खेळणार कुणाबरोबर?

घरी शिकवण्याची खरी कमजोरी ही आहे, आणि ती झाकून चालणार नाही. एकट्या लेकराला एकट्या आईसमोर बसवलं की पाठांतर होतं. वाट पाहणं, वस्तू वाटून घेणं, भांडून परत कट्टी सोडणं, दुसऱ्याचं रडू समजणं होत नाही. त्याला बरोबरीची पोरं लागतात. चार घरांनी मिळून एक अंगण धरा. रोज दोन तास, आज एका घराचं मोठं माणूस, उद्या दुसऱ्याचं. सामान सामाईक.

आणि वऱ्हाडानं या वयासाठी आधीच दोन मोठे पाठ करून ठेवलेत. एक तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवतात, मिरवतात, घरोघर जाऊन बोजारा मागतात. दारात उभं राहून अनोळखी मोठ्या माणसाशी बोलणं, मिळालेलं मोजणं, भावंडांत वाटणं, सगळं एका दिवसात. दुसरी भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर गाणी आणि शेवटी खिरापत. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं, वास घ्यायचा, विचारायचं: गोड की तिखट, कोरडी की ओली, तळलेली की भाजलेली. एकेक शक्यता वगळत उत्तराला पोचणं हा तर्काचा पाठ आहे, आणि तो लेकरं हसत खिदळत करतात. भुलाबाईत पोरांनाही बसवा, तान्ह्या पोळ्यात पोरींच्याही हाती बैल द्या. शिकण्यात पोरगा-पोरगी करू नका.

सहावा प्रश्न: राबणार कोण?

बहुतेक घरगुती अभ्यासक्रमांत एक अदृश्य ओळ असते: रोजची तयारी आईनं करावी. कात्री, गोंद, छपाई, उद्याच्या तीन ‘अॅक्टिव्हिटी’. वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी निघते ती दिवे लागताना येते. निंदणाचे दिवस तसेच. नोकरी करणाऱ्या बाईचंही वेगळं नाही. पैसे बाप भरतो आणि राबते माय, असा अभ्यासक्रम दुसऱ्या महिन्यात बंद पडतो आणि दोष तिच्या माथी येतो.

बापांनो, गिजुभाई बधेका हा वकिली करणारा बाप होता. स्वतःच्या मुलाला कसं वाढवायचं या प्रश्नानं तो मॉन्टेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोचला. पुढं वकिली सोडून त्यानं आयुष्य लहान मुलांना दिलं. १९२० मध्ये भावनगरचं बालमंदिर त्यातून उभं राहिलं. तुम्हाला काहीच सोडायचं नाही. रात्री जेवणानंतरची एक गोष्ट तुमची, आठवडी बाजाराला जाताना लेकराचं बोट तुमच्या हातात, बाजारात भाव विचारायचं काम त्याच्याकडं. एवढं जमत नसेल तर घरी शिकवायचा निर्णय घेऊ नका. तो बायकोवर टाकलेला बोजा होईल.

सातवा प्रश्न: परीक्षा आहे का?

असेल तर तो अभ्यासक्रम नाकारा. २०२२ चा राष्ट्रीय आराखडा सरळ म्हणतो, या वयात लेखी-तोंडी परीक्षा योग्य नाहीत. तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तकही लावू नये असं त्यात आहे. लेकरू शिकतं का, हे पाहायचं तर त्याच्याकडं पाहा: काल दोन वाक्यांत सांगायचं ते आज चार वाक्यांत सांगतं का, बटण स्वतः लावतं का, खेळात हरलं तर सावरतं का, प्रश्न विचारतं का. आणि घरात एक परीक्षा आपणच घेतो, ती आधी बंद करा. “पाहुण्यांले पोएम म्हणून दाखव.” लेकरू आईच्या पदरात तोंड लपवतं आणि आपण हसतो. पाहुणे गेल्यावर ते लेकरू काय घेऊन उरतं, याचा विचार करा.

हे सात प्रश्न घेऊन बाजारात गेलात तर बऱ्याच पेट्या पहिल्या दोन प्रश्नांतच गळतील.

मग चांगला अभ्यासक्रम आहे कुठं? तुमच्या गावात. अंगणवाड्यांसाठी महाराष्ट्रानं ‘आकार’ नावाचा बालशिक्षण अभ्यासक्रम केला आहे. केंद्रानं तीन ते सहा वयासाठी २०२४ मध्ये ‘आधारशिला’ आणला. २० फेब्रुवारी २०२३ ला ‘जादुई पिटारा’ आला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींचे पत्ते आहेत. हे तुमच्या-माझ्या करातून तयार झालं आहे. यात खेळ आहे, गोष्ट आहे, घरची भाषा आहे, आणि त्यावर कुणी हप्ते मागत नाही.

अंगणवाडीकडं पाहून नाक मुरडणारे भेटतात. त्यांचं एक म्हणणं खरं आहे: कागदावरचं शिक्षण खोलीत नेहमी उतरत नाही. पण का उतरत नाही? एका सेविकाताईनं आहार वाटायचा, वजन-उंची घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचं, लसीकरणाला माणसं गोळा करायची, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा, वर सरकारी सर्वेक्षणं. शिकवायला उरतं काय? दोष त्या बाईचा नाही. दोष तिच्या डोक्यावर नोंदवह्यांचा ढीग ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. आणि दोष आपलाही आहे. बोलू शकणारी, भांडू शकणारी घरं आपली पोरं अंगणवाडीतून काढतात, मग तिथं विचारणारा कुणी उरत नाही. ज्या मजूर बाईला घरी शिकवायची चैन नाही, तिच्या लेकराला जे मिळेल त्यावर राहावं लागतं. आपण घरी शिकवतो म्हणून गावच्या अंगणवाडीशी आपलं देणं-घेणं संपलं, असं मानणं मला साफ नामंजूर आहे.

लेकराला घरी शिकवा आणि रोज दोन-तीन तास अंगणवाडीतही पाठवा. ताईंना सांगा, आठवड्यातून एकदा मी येऊन गोष्ट सांगतो. आजोबांना पाठवा, शेतीची अवजारं दाखवतील. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, गेल्या वर्षी त्यातून अंगणवाडीला गोष्टीची पुस्तकं किती आली. भातकुलीत नगरपंचायत आहे, तिथं नगरसेवकाला विचारा. चार आई-बाप विचारू लागले की उत्तर द्यावं लागतं.

तरीही पेटी घ्यायचीच असेल तर घ्या, तो तुमचा हक्क. पण सात प्रश्न विचारून घ्या. जो अभ्यासक्रम लेकराची बोली हिसकावतो, त्याच्या कोवळ्या हातात पानभर गिरवणं देतो, त्याला पडद्यापुढं बसवतो आणि सहाच्या आत परीक्षा घेतो, तो फुकट मिळाला तरी घरात घेऊ नका. आणि पैसे भरायच्या आधी एकदा लेकराचं बोट धरून गावच्या अंगणवाडीत जा, ताईंकडे ‘आकार’ मागा आणि तिथंच बसून वाचा.